राखणीचा पैरा

लालासाहेबांच्या हातात कुणी माईक दिला नसता, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण दिला. आणि त्यांनीही तो दोन शब्द बोलून परत देण्याऐवजी दोन्ही हातांनी घट्ट धरला.

ऑक्टोबरातली गोष्ट. साताऱ्यात लहान शेतकऱ्यांचा मेळावा होता. व्यासपीठामागं भिंतभर फलक होता, ‘छोटी शेती, जगाची पोशिंदी’. वक्ते एकामागून एक उठून सांगत होते की जगातल्या माणसांच्या ताटात जे पडतं, त्यातला केवढातरी वाटा एक-दोन एकरवाल्यांच्या रानातून येतो. लालासाहेब तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होते. त्यांच्याकडं एक एकरसुद्धा नव्हता, अठ्ठावीस गुंठे होते. नाव लालासाहेब आणि रान अठ्ठावीस गुंठे, म्हणजे साहेबपणा रानभर पसरायचा म्हटला तर फारच पातळ होतो. पण त्या दिवशी त्यांना पहिल्यांदाच वाटलं, की आपण इतकी वर्षं जगाच्या उपयोगी पडतोय आणि आपल्याला कुणी कळवलंच नाही.

त्यांना तिथं नेलं होतं संयोगिता मॅडमनी. मॅडम त्यांच्या भागाच्या कृषी सहायक, उंब्रजच्या आसपासची गावं त्यांच्याकडं. मेळाव्याला शाळू करणारा शेतकरी पाहिजे असा वरून निरोप आला, तेव्हा मॅडमनी सगळी गावं डोळ्यांपुढून फिरवली. ऊस, ऊस, आलं, पुन्हा ऊस. थंडीतली ज्वारी पेरणारा गडी त्यांना एकच आठवला.

तर लालासाहेबांच्या हातात माईक आला. समोर खुर्च्या भरलेल्या, पंखे फिरतायत, पुढच्या रांगेतले साहेब लोक मान वर करून बघतायत. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, “आमचं रान लहान हाय. पर दारात आलेल्याला आमी उपाशी लावत न्हाई. खोटं वाटत आसंल तर जानेवारीत या. सगळ्यांनी या हुरड्याला!”

टाळ्या पडल्या. टाळ्यांनी माणूस बिघडतो. ते आणखी एकदा म्हणाले, “सगळ्यांनी!”

शाळू तेव्हा रानात गुडघ्याएवढासुद्धा नव्हता.

कुणीतरी ते मोबाइलवर धरलं. लालासाहेब एस.टी.नं उंब्रजला उतरून गावात पोचायच्या आत त्यांचं भाषण गावात पोचलं होतं. दारात त्यांच्या बायको चंद्राबाई उभ्या होत्या.

“आवं, सगळ्यांनी म्हंजी किती जणांनी?”

“आगं, बोलायची पद्धत आसती ती.”

“ती पद्धत टाळ्या वाजवणाऱ्यास्नी म्हाईत हाय का?” असं म्हणून त्या चहा टाकायला आत गेल्या. चहाही रोजच्यापेक्षा उशिरा आला.

*

दिवाळीला मुलगा रोहन सांगलीहून आला. तो तिथं एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या गोदामात माल उतरवून घेण्याचं काम बघतो. त्याच्या अंगाला, कपड्यांना, मोटारसायकलच्या सीटलासुद्धा हळदीचा वास येतो. त्यानंही भाषण ऐकलेलं होतंच.

“आप्पा, जगाचं ऱ्हाऊ द्या. आपल्या दोन चुलींचं तरी भागतंय का, तेवढं सांगा.”

दोन चुली म्हणजे एक गावातली, एक सांगलीतली. रोहनची बायको रेश्मा हिला दुकानातलं तयार पीठ चालत नाही. त्या पिठाची भाकरी थापताना चिरते, आणि चिरलेली भाकरी तव्यावर टाकायची तिला लाज वाटते. म्हणून शाळू इथून जातो. पण मागच्या वर्षी श्रावणातच सांगलीचा डबा रिकामा झाला होता.

रोहनचं म्हणणं सरळ होतं. शेजारी उदयसिंह सुभेदारांचा बारा एकर ऊस आहे, त्यांच्या पाइपलाइनचं तोंड आपल्या बांधापर्यंत आलंय. जोडून घ्यायचं, ऊस लावायचा, कारखान्याचं बिल आलं की त्यातून ज्वारी विकत घ्यायची. त्याला राखण नाही, मळणी नाही, काही नाही.

“आणि समद्यांनी असंच केलं तर ज्वारी इकत कुठनं आणनार?”

“सोलापूरकडनं येतीया की. सांगलीत थप्प्या लागल्यात.”

“उद्या त्यांनीबी ऊस लावला म्हंजी?”

“तवाचं तवा बघू.”

हे ‘तवाचं तवा’ लालासाहेबांना झोंबलं. ते उठून उभे राहिले. उभं राहून बोललं की त्यांच्या तोंडून हमखास काहीतरी भारी निघतं, हे चंद्राबाईंना माहीत होतं. त्यांनी डोळ्यांनी खुणावलंही. पण उशीर झाला होता.

“ह्या साली दोन्ही चुलींची वर्साची भाकरी ह्या रानातनं निघाली न्हाई, तर मी माझ्या हातानं ऊस लावीन. झालं?”

“किती धरायची वर्साची?”

“पाच पोती.”

“धरली,” रोहन म्हणाला, आणि चकली मोडून तोंडात टाकली.

*

गेली दोन-चार वर्षं लालासाहेबांचा खरा वैरी ऊस नव्हता, पाखरं होती. आणि पाखरांचं गणित असं विचित्र, की ती कमी-जास्त होत नाहीत, रानं कमी-जास्त होतात.

लालासाहेबांच्या लहानपणी त्या शिवारात थंडीत जिकडंतिकडं शाळू असायचा. एकाच वेळी कणसं टाकून निसवायचा, एकाच वेळी दाणा भरायचा. चिमण्या, साळुंक्या, राघू सगळ्यांच्याच रानात उतरायचे, म्हणजे कुणाच्याच रानात फार नाही. पाखरं वाटून घेतली जायची. पाखरं हाकायला रानारानांत उंच माळे असायचे आणि राखणीचीही वाटणी असायची. आज तू माझ्या माळ्यावर बस, उद्या मी तुझ्या. त्याला पैरा म्हणायचे. तुझं काम मी करायचं, माझं तू करायचं, रोकड कुणी मागायची नाही आणि राहिलेला दिवस कुणी विसरायचा नाही.

मग एकेकानं ऊस लावला. आणि दर वर्षी गेलेल्या रानांची पाखरं उरलेल्या रानांत आली. अगदी शेवटी दोघं उरले होते, लालासाहेब आणि ओढ्यापलीकडचा अर्जुना. अर्जुनाचं पंधरा गुंठ्यांचं रान. दोघं मिळून कशीबशी राखण करायचे, एकमेकांना हाळ्या घालायचे. यंदा अर्जुनानंही ऊस लावला. लावण्याआधी सांगायला आला होता बिचारा.

“लाला, पोरगी पुण्याला शिकती, मी कंपनीत तीन पाळ्यांत. माळ्यावर कोन बसनार? तूच सांग.”

लालासाहेबांना सांगता आलं नाही. म्हणून ते अर्जुनावर चिडले आणि पंधरा दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. बरोबर बोलणाऱ्या माणसावर चिडण्यासारखं दुसरं सोपं काम नाही.

डिसेंबरात कणसं बाहेर पडली. आणि एका सकाळी कृष्णेकडच्या बाजूनं आभाळाचा एक काळा-गुलाबी तुकडा सुटून आला आणि अठ्ठावीस गुंठ्यांवर पडला. भोरड्या. अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळे, आवाज असा की शंभर बायका एकदम भांडतायत. एक थवा उठवला की दुसरा बसायचा. झोपायला उदयसिंहांच्या उसात आणि जेवायला लालासाहेबांच्या शाळूत, असं त्यांचं ठरलेलं होतं.

लालासाहेबांनी बांबूचा माळा उभा केला. गोफण काढली, तिची वादी वाकळेच्या काठाची नवी लावली. चकचकीत फिती ताणल्या. पत्र्याचा डबा बडवून डब्याचा आकार घालवला. उंब्रजच्या बाजारातून बॅटरीवरचा भोंगा आणला, त्यात स्वतःच्याच आवाजातलं “हाऽऽ हो! हुर्रऽऽ!” भरलं आणि रानाच्या मधोमध टांगला. पहिले दोन दिवस पाखरं दचकली. नंतर भोंग्यावरच बसायला लागली.

चंद्राबाई भाकरी घेऊन आल्या, तेव्हा रानभर नवऱ्याचा आवाज घुमत होता आणि नवरा माळ्यावर मुकाट बसला होता.

“कवाधरनं चाललंय हे?”

“सकाळपास्नं.”

“मला वाटलं घरीच आले. घरीबी असंच आसतंय, नुसता आवाज.”

संयोगिता मॅडम एकदा बघायला आल्या. स्कूटी बांधाला लावून त्या बराच वेळ मान वर करून उभ्या राहिल्या. दर वर्षी औषधांची, अनुदानांची, सर्वेक्षणांची एवढी कामं त्यांच्या डोक्यावर असतात, की पाखरं बघायला त्यांनाही सवड मिळाली नव्हती.

“लालासाहेब, या भोरड्या इथल्या नाहीत. थंडीपुरत्या येतात. पार तिकडं मध्य आशियातून, हजारो किलोमीटर उडत.”

“परदेशी हायत?”

“हो.”

लालासाहेबांनी गोफण खाली ठेवली. मग हसायला लागले. पण ते हसू चांगलं नव्हतं. “म्हंजी तुमचा त्यो फलक खराच निघाला म्हना की. जगाला पोसतोय मी. तिकडनं इमानाबिगर येत्यात, जेवत्यात आन जात्यात.”

मॅडमनी स्कूटीची किल्ली काढली. त्या म्हणाल्या, “जाळीचं अनुदान द्राक्षाला आहे. ज्वारीला नाही.”

“आसू दे. उसाच्या रानाला घाला म्हनावं, तिथं झोपत्यात त्या.”

*

जानेवारीत लोक आले. सगळेच नाहीत आले, पण आले ते पुष्कळ झाले. साताऱ्याच्या मेळाव्यातले, मॅडमच्या कार्यालयातले, त्यांची पोरंबाळं, गावातले ज्यांनी ते भाषण बघितलं होतं ते, आणि ज्यांनी बघितलं नव्हतं पण वास आला तेही. रानाच्या कडेला आगटी खणली. शेणी पेटवल्या. हिरवी कणसं निखाऱ्यावर चुरचुरली, हातावर चोळून दाणे ताटात पडले, वर चंद्राबाईंची शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. खरं सांगायचं तर त्या हुरड्यासारखं काही त्या शिवारात कित्येक वर्षांत कुणी खाल्लं नव्हतं. लोक “आणखी येऊ द्या” म्हणत होते. लालासाहेब विळा घेऊन रानात शिरत होते आणि प्रत्येक कणीस छाटताना मनातल्या मनात पाच पोत्यांतून ओंजळ-ओंजळ काढत होते.

सगळ्यांत जास्त खाल्लं उदयसिंहांनी. लष्करातून सुभेदार होऊन आलेला माणूस, मिशा अजून कामावर असल्यासारख्या. लालासाहेबांचे प्राथमिक शाळेतले बाकसोबती. ते आगटीच्या अगदी जवळ मांडी घालून बसले होते आणि मोर्चा सोडायला तयार नव्हते.

“लाला, लय झ्याक. आमच्या घरी इकतच्या ज्वारीत ही चव न्हाई बघ.”

“मग पेर की दोन सऱ्या.”

“मी? छ्या. मला कुठं माळ्यावर बसवतोस ह्या वयात!”

दुपार झाली. तेव्हा लालासाहेबांच्या एक गोष्ट ध्यानात आली. सकाळपासून एकही भोरडी रानात उतरली नव्हती. चाळीस-पन्नास माणसं, पोरांचा दंगा, धूर, कुणाच्या तरी मोबाइलवरची गाणी, असं असल्यावर पाखरांची काय टाप! माणसांनी खाल्लं ते रानाच्या एका कोपऱ्यातलं. पाखरांनी त्याच दिवसात याहून जास्त खाल्लं असतं.

त्यांच्या डोक्यात उजेड पडला. ते पाटावर उभे राहिले. चंद्राबाईंनी कपाळाला हात लावला.

“मंडळी, पोटभर खाल्लंसा, बरं वाटलं. आता आमची रीत ऐका. ज्यानं हुरडा खाल्ला त्यानं एक सकाळ राखन करायची. एकच. ह्यो पैरा. दानं वाळाय अजून महिना हाय, रोज एक-दोन मानसं आली तर रान वाचतंय.”

मग सगळे एकदम हसले. त्यांना ती गंमत वाटली. काही जण “नक्की, नक्की” म्हणाले. एका पाहुण्यानं तर ही कल्पना फार सुंदर आहे असं म्हणून त्यांचा फोटो काढला.

आणि कुणीच आलं नाही.

लालासाहेबांनी माणसं गाठली. सरपंचांची बैठक होती. ग्रामसेवकांची पाठ धरली होती. गुरुजींना जनगणनेचं काम की कसलं तरी काम लागलं होतं. शेजारच्या आळीतला एक पोरगा म्हणाला, “काका, व्हिडिओ टाकलाय ना मी तुमचा, लोक बघत्यात,” जसं काही बघणारे लोक एकेक भोरडी उडवणार होते. भाकरी सगळ्यांना पाहिजे होती. शाळू कुणाला नको होता. संयोगिता मॅडम मात्र एका रविवारी खरंच आल्या, डबा वाजवून वाजवून हात दुखवून घेतला, आणि त्यांचा पैरा फिटला. हे न्यायानं सांगायला पाहिजे.

लालासाहेब सकाळी सकाळी माळ्यावर चढायचे, दिवस मावळला की उतरायचे. चिडून चिडून त्यांची गोफण रोज अधिक लांब जायला लागली. एकदा खडा थेट उदयसिंहांच्या पंपघराच्या पत्र्यावर वाजला. उदयसिंह बाहेर आले.

“लाला! गोळीबार कशापायी?”

“तुझ्या उसातली जनावरं हाकलतोय! ठेवून घ्यायची आसली तर जेवायबी तूच घाल त्यास्नी!”

“माझ्या उसात झोपत्यात म्हंजी मी काय त्यांचा बाप झालो व्हय?”

“हुरडा खाल्लास त्याचं काय? सुभेदार म्हणवतोस, पैरा बुडवतोस!”

हे जरा लागलं. उदयसिंह वळून पंपघरात गेले.

आणि पुढच्याच आठवड्यात लालासाहेबांचा उजवा खांदा गेला. गोफण फिरवता फिरवता आत काहीतरी करकरलं आणि हात वर जाईना. वर ताप. चंद्राबाईंनी त्यांना अंथरुणात घातलं आणि स्वतः डबा घेऊन रानात निघाल्या, तर माळ्यावर आधीच कुणीतरी बसलेलं होतं. लष्करी जर्किन, कानटोपी, गळ्यात शिट्टी.

“वहिनी, तुमी जावा. आजची ड्यूटी माझी.”

उदयसिंहांनी राखण केली ती सैन्यातल्यासारखी. ठरावीक वेळानं शिट्टी. चारी बाजूंना आळीपाळीनं फेरी. भोरड्या आल्या की ते माळ्यावर उभे राहून त्यांना हिंदीतून दटावायचे. त्या हिंदीला पाखरं का घाबरायची ते कुणालाच कळलं नाही, पण घाबरायची. एका सकाळपुरता आलेला माणूस लालासाहेबांचा ताप उतरेपर्यंत, खांदा चालायला लागेपर्यंत रोज आला. चंद्राबाईंनी विचारलं तर म्हणाले, “घरी बसून करायचं काय? उसाला काय राखायचं? तो काय पळून जातोय!”

लालासाहेब अंथरुणात पडल्या पडल्या शिट्टी ऐकायचे आणि कुढायचे. एका सकाळचा हुरडा उदयसिंहांनी पहिल्याच दिवशी फेडला होता. वरच्या सकाळी आता लालासाहेबांच्याच डोक्यावर चढत होत्या.

*

शाळू काढला, बांधला, मळणी यंत्रात घातला. धान्य पोत्यांत पडायला लागलं तसे लालासाहेब बोटांवर मोजायला लागले. चार पोती भरली. पाचवं अर्ध्याच्या थोडं वर आलं आणि यंत्रातून नुसता कोंडा उडायला लागला.

यंत्रवाला म्हणाला, “संपलं.”

“आजून बघ की जरा. आत कुठं आडकलं आसंल.”

“आवं काका, पोत्यात आडकतंय व्हय कुठं?”

लालासाहेबांनी सांगलीच्या वाट्याची दोन पोती टेम्पोत टाकली आणि स्वतः बरोबर बसून गेले. मार्केट यार्डाजवळच्या गल्लीत रोहनचं दोन खोल्यांचं घर. हळदीच्या धुळीनं दुपारचा उजेडही पिवळा. वाटेवर दुकानाच्या पायरीवर शाळूची पोती उघडी मांडलेली, भावाची पाटी खोचलेली. लालासाहेबांनी मूठभर दाणे हातात घेऊन पाहिले.

“कुठला?” त्यांनी विचारलं.

“सोलापूरकडचा. कालच आलाय. दर चढलाय, घ्यायचा तर आजच घ्या.”

“का चढला?”

दुकानदार हसला. “पेरत्यात कुठं लोक आता?”

लालासाहेबांनी दाणे परत पोत्यात टाकले. हे ऐकायला रोहन शेजारी पाहिजे होता असं त्यांना फार वाटलं, पण रोहन गोदामात होता.

संध्याकाळी रोहन आला, पोती हलवून बघितली, आकडा विचारला. लालासाहेबांनी सांगितला.

“म्हंजी पाच न्हाई झाली.”

“हुरड्याला गेलं ते धर की.”

“ते कुठल्या चुलीवर गेलं, आप्पा?”

“लोकांच्या पोटात गेलं. पोट न्हाई का ते? आन त्या परदेशी पाखरांच्यात गेलं ते धरलं तर धा पोती झाली!”

आतून रेश्मा म्हणाली, “मी म्हणते आम्ही रात्री चपाती खातो. पुरंल आम्हाला दोनात.” तव्यावर तिची भाकरी टम्म फुगली होती. ती तिनं मुद्दाम उंच धरून नवऱ्याला दाखवली. “दुकानच्या पिठाची फुगवून दाखव अशी.”

रोहन त्या भाकरीकडं बघत बसला. पोरगा वाईट नाही. पण गोदामात दिवसभर पोती मोजणारा माणूस. साडेचारला पाच म्हणायची त्याला सवय नाही. शेवटी म्हणाला, “निम्मं रान. पाइपलाइनकडचं निम्मं ऊस, निम्मं तुमचा शाळू. माझ्याकडनं एवढं सोडतो.”

लालासाहेबांनी भाकरी खाल्ली. गरम भाकरीवर त्यांनी चिडायचाही प्रयत्न केला, पण ते जमेना, चांगलीच झाली होती.

*

जुलैत त्यांनी ऊस लावला. स्वतःच्या हातानं, बोलल्याप्रमाणं. सरीत कांडी दाबताना तोंडानं जे काही चाललं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. चंद्राबाई पाणी घेऊन आल्या आणि ऐकून तशाच बांधावर थांबल्या.

“आवं, पिकाला ऐकू जातंय म्हंत्यात.”

“जाऊ दे. त्यालाबी कळू दे.”

रान निम्मं झालं. पण त्यांना कळत होतं की भोरड्यांना कुणी हे कळवणार नाही. त्या येणार तेवढ्याच, आणि चौदा गुंठ्यांवर उतरणार. मागच्या वर्षी त्या रानाचं झालं ते या वर्षी दुप्पट होणार. आणि पुढच्या दिवाळीला रोहन पुन्हा चकली मोडणार.

सप्टेंबर संपत आला. पेरणीच्या आधी लालासाहेब बियाण्याचा शाळू निवडत दारात बसले होते, तेव्हा उदयसिंहांची मोटारसायकल येऊन थांबली. त्यांनी इंजिन बंद केलं नाही. ते कामापुरतंच बोलणार आहेत असं त्यांना दाखवायचं असलं की ते इंजिन बंद करत नाहीत.

“लाला, माझ्या उसातलं तण लय वाढलंय. बायका मिळंनात खुरपायला. तुझ्याकडं माझा पैरा हाय. उद्या ये.”

“न्हाई.”

“न्हाई म्हंजी?”

“राखन केलीस. राखनीचा पैरा राखनीनंच फिटतो. खुरपून न्हाई.”

“ह्यो कायदा कुणी काढला?”

“माझ्या बापानं. तुझ्याबी बापानं. त्यांच्यात नांगरटीला नांगरट आन राखनीला राखन चालायची. तू शाळू पेर, मी तुझ्या माळ्यावर येऊन बसतो. म्हनशील तितक्या सकाळी. तवर मी देनं लागतो.”

उदयसिंहांनी मिशीवरून हात फिरवला. “आरं, मग सोडून देतो मी त्यो पैरा. झालं? तू मोकळा.”

“फुकटचं मी घेत न्हाई.”

“लय हेकट हायस गड्या.”

“तुझ्या पंपघरामागचं दहा गुंठं पडीकच हाय की,” लालासाहेब सुपानं बी पाखडत म्हणाले. मान वर केली नाही. “तिथनं माझा बांध दिसतो. तू तिथं, मी इथं. पाखरं वाटून जातील. बी मी देतो.”

इंजिन चालूच होतं. चंद्राबाई आतून बाहेर आल्या, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, “भावजी, जाऊबाई कालच इचारत हुत्या, आमच्याकडनं पीठ मिळंल का म्हनून. दुकानचं चिरतंय म्हनं.”

“तिला इचारायला कुणी सांगितलं हुतं,” उदयसिंह पुटपुटले.

लालासाहेबांनी निवडलेलं बी एका फडक्यात बांधलं आणि मोटारसायकलच्या हँडलला अडकवलं. उदयसिंहांनी ते काढलं नाही. पण हो म्हणाले असंही नाही. “बघू तवाचं तवा,” असं म्हणून त्यांनी गिअर टाकला.

ते ‘तवाचं तवा’ लालासाहेबांना पुन्हा झोंबलं. ते दारातून ओरडले, “सुभेदार, पैरा माझ्या डोक्यावर हाय! मी मेलो तर तुझ्या डोक्यावर ऱ्हाईल!”

मोटारसायकल वळणावरून उसात दिसेनाशी झाली. पेरणी करून झाली. चौदा गुंठ्यांत शाळू उगवला. उदयसिंहांच्या पंपघरामागं काय उगवलंय ते लालासाहेब रोज जाता-येता बांधावरून टाचा उंचावून बघतात. अजून नुसतं नांगरलेलं दिसतंय. नांगरलंय हे खरं. पण ऊस लावायलाही नांगरावंच लागतं.

पैरा अजून फिटलेला नाही.